‘खुद्द’ कोण?

शेतीच्या सरकारी मदतीवरचा आपला वाद वर्षानुवर्षे एकाच खुंट्याला बांधलेला आहे: किती द्यायचे? शहरातल्या बैठकीत ती खैरात ठरते, गावच्या पारावर ती थट्टा ठरते. एक जण आपल्या कराचा हिशोब सांगतो, दुसरा दोन हजारांच्या हप्त्यात डीएपीची दोन पोतीही येत नाहीत हे दाखवून देतो. दोघांचेही आकडे बरोबर असतात. पण शेतकरी कोण हे ठरलेलेच आहे, असे दोघेही न बोलता धरून चालतात, आणि ते अजिबात ठरलेले नाही.

माझे म्हणणे असे. मदत किती आहे याआधी ती कशाला बांधली आहे हे पाहावे. जमिनीच्या कागदाला बांधलेली मदत ही मालकीला दिलेली मदत असते, शेतीला दिलेली नव्हे. मालक आणि कसणारा एकच असेल तिथे हा फरक दिसत नाही, म्हणून आपल्याला तो सुचतही नाही. दोघे वेगळे झाले की मदत कसणाऱ्याला वगळून जाते. आणि रक्कम मोठी असेल, तर तीच मदत त्याला शेतावरून उठवायला पुरते. हे शेवटचे वाक्य अतिशयोक्त वाटेल. ते एका काउंटीत घडलेले आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

१. पॉइनसेट काउंटी, १९३४

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्याच्या ईशान्येला, मिसिसिपी नदीच्या गाळपट्ट्यात पॉइनसेट नावाची काउंटी आहे. (काउंटीला आपण जिल्हा म्हणतो, पण आकाराने आणि कारभाराने ती आपल्या तालुक्याला जवळची.) आज तिथे भात आणि सोयाबीन पिकते. नव्वद वर्षांपूर्वी कापूस होता, मोठे मळे होते, आणि मळ्यांवर अर्धेलीने राबणारी गोरी आणि काळी कुटुंबे होती. १९३२ साली कापसाचा भाव पौंडाला सहा सेंटांच्या आसपास कोसळलेला. रूझवेल्ट सत्तेवर आले आणि मे १९३३मध्ये शेतीचा नवा कायदा झाला. त्याचे तर्कशास्त्र सरळ होते: माल जास्त म्हणून भाव कमी, तेव्हा पेरा कमी करा, आणि कमी केल्याचे पैसे सरकारकडून घ्या. पैसा उभा करायचा तो कापडगिरण्यांसारख्या प्रक्रियादारांवर कर बसवून.

कायदा येईपर्यंत पेरणी उरकली होती. म्हणून त्या उन्हाळ्यात दक्षिणेत सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला गेला. खेचरे उभ्या पिकावर पाऊल टाकायला तयार होईनात, असे सांगतात. ओळींच्या मधून चालायचे, पीक तुडवायचे नाही, हे त्यांना जन्मभर शिकवलेले.

पुढच्या वर्षीचा करार मात्र जरा जवळून वाचण्यासारखा आहे. १९३४-३५च्या करारात पडीक ठेवलेल्या जमिनीच्या कापसावर पौंडामागे साधारण साडेचार सेंट मिळायचे. त्यातले साडेतीन सेंट हे ‘भाडे’: सरकारने जमीन भाड्याने घेऊन पडीक ठेवली, असा त्याचा अर्थ. भाडे अर्थातच जमीनमालकाचे. उरलेला एक सेंट पिकातल्या वाट्याप्रमाणे, म्हणजे अर्धेलीवाल्याला अर्धा सेंट. साडेचारात अर्धा. तोही मालकाच्या हातून, आणि मालकाच्या दुकानाची उधारी वळती करून. मालकाला आणखी एक फायदा होता. कमी जमीन कसायची म्हणजे कमी माणसे लागतात. अर्धेलीवाल्याला काढून टाकले आणि राहिलेली जमीन रोजंदारीने कसली, तर तो अर्धा सेंटही वाचतो.

कायदा करणाऱ्यांना याची कल्पना नव्हती असे नाही. कराराच्या सातव्या कलमात, मालकाने ‘शक्य तितके’ पूर्वीइतकीच कुळे ठेवावीत, असे लिहिलेले होते. ‘शक्य तितके’ हे शब्द कोणत्याही सरकारी कागदावर दिसले की पुढचे वाचायची गरज नसते. आणि ‘पूर्वीइतकीच’ म्हणजे संख्या तेवढी, की माणसे तीच? शेतीखात्यातल्या जेरोम फ्रँक आणि त्यांच्या सहकारी वकिलांनी माणसे तीच असा अर्थ लावला. फेब्रुवारी १९३५मध्ये फ्रँक आणि त्यांच्या बाजूचे अनेक जण नोकरीवरून काढले गेले. सिनेटमधला बहुमताचा नेता तेव्हा आर्कान्साचाच होता, आणि मळेवाल्यांचे वजन खात्याला ठाऊक होते.

जुलै १९३४मध्ये पॉइनसेट काउंटीतल्या टायरॉन्झा गावाजवळ, जिथल्या मळ्यावरून कुटुंबे हुसकावली गेली होती, तिथे ११ गोरे आणि ७ काळे पुरुष जमले आणि ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन झाली. तिचा एक पुढारी एच. एल. मिचेल गावात कपडे धुण्याचे दुकान चालवायचा, दुसरा क्ले ईस्ट शेजारी पेट्रोलपंप. त्या काळच्या दक्षिणेत गोरे आणि काळे एका संघटनेत बसणे हे भूकंपासारखे होते. त्यांना एकत्र आणले ते एका अनुदानाने.

यात मळेवाल्यांच्या दुष्टपणाची गोष्ट मी मुद्दामच सांगत नाही. तो होताच. पण सज्जन मालकालाही त्या करारात तोच फायदा दिसत होता. दोष करार कोणाशी करायचा या निवडीत होता, आणि ती निवड मळ्यावर झाली नव्हती, वॉशिंग्टनमध्ये झाली होती.

२. मग अमेरिकेने सुधारले का?

काही प्रमाणात, हो. नंतरच्या योजनांत पैसे पिकातल्या जोखमीनुसार वाटायचा नियम पक्का होत गेला: रोख खंडाने जमीन कसणाऱ्याला पूर्ण रक्कम, वाट्याने कसणाऱ्याला वाट्याइतकी. २०१९ साली चीनबरोबरच्या व्यापारयुद्धाची भरपाई दिली तेव्हा प्रत्येक काउंटीला एकरी दर ठरवून दिला गेला, १५ डॉलरपासून १५० डॉलरपर्यंत, आणि तो पिकात हिस्सा असणाऱ्याला मिळाला. १९३४च्या मानाने हा मोठा पल्ला आहे.

तरी जमिनीची ओढ सुटत नाही. तिकडची बरीच मदत आज शेतात काय उभे आहे यावर ठरत नाही, तर त्या जमिनीवर पूर्वी कशाचा पेरा होता यावर ठरते. त्याला ‘बेस एकर’ म्हणतात. जमिनीला जणू जुन्या पिकाची आठवण असते आणि सरकार त्या आठवणीचे पैसे मोजते. २००६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दाखवले की २०००पासून किमान १३० कोटी डॉलर शेती न करणाऱ्यांना गेले. टेक्सासमध्ये भाताच्या जुन्या शेतांचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांवर घर बांधून राहणाऱ्यांनाही भाताचे पैसे येत होते. २०१४च्या कायद्याने ती थेट रक्कम बंद केली. बेस एकर राहिले.

आणखी एक सूक्ष्म गळती आहे. कागदावर पैसे कसणाऱ्याला गेले, तरी पुढच्या वर्षी खंड ठरवताना मालक म्हणतो, तुला तिकडून येतातच की. अर्थशास्त्रज्ञ बॅरेट कर्वान यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे निघाले की एकरामागच्या अनुदानाच्या डॉलरातले साधारण पंचवीस सेंट वाढीव खंडाच्या रूपाने मालकाकडे जातात. माझ्या बाजूने बोलणारे लोक ही गळती शंभर टक्के असल्यासारखे सांगतात. ती तशी नाही. पंचाहत्तर सेंट कसणाऱ्याकडे राहतात, म्हणजे योग्य माणसाच्या नावाने रक्कम काढण्याला अर्थ आहे. मला या आकड्यात हेच महत्त्वाचे वाटते.

३. सातबाऱ्यावरचा एक शब्द

आता आपल्याकडे. सातबाऱ्याच्या जुन्या छापील नमुन्यात बाराच्या भागात एक रकाना असायचा: ‘जमीन करणाऱ्याचे नाव’. त्यात तलाठी बहुधा एकच शब्द लिहीत: ‘खुद्द’. मालक ठाण्याला नोकरीत असो, की गावात पण अंथरुणाला खिळलेला असो, जमीन ‘खुद्द’ करतो.

हा शब्द तलाठ्याच्या आळसातून आलेला नाही, भीतीतून आला आहे. १९४८चा मुंबई कूळ कायदा, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन, मराठवाड्यात १९५०चा हैदराबादचा कायदा, विदर्भात १९५८चा: या सगळ्यांनी कसणाऱ्याला मालक केले, आणि ते महाराष्ट्राने केलेल्या मोठ्या कामांपैकी एक आहे. पण त्यानंतर ‘कूळ लागेल’ ही धास्ती मालकाच्या मनात कायमची बसली. जमीन कसायला देणे थांबले नाही. लिहून देणे थांबले. वाट्याने, बटईने, अर्धेलीने, खंडाने, मक्त्याने, विदर्भात ठोक्याने: मराठीत या व्यवहाराला इतके शब्द आहेत आणि सरकारी दप्तरात एकही नोंद नाही, यावरूनच काय ते समजावे.

आणि याच दप्तरावर आपण मदतीची सगळी इमारत उभी केली. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमीनधारक कुटुंबाला, तेही १ फेब्रुवारी २०१९ला नाव असलेल्या. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० त्याच यादीला. २०१७ची आणि २०१९ची कर्जमाफी बँकेचे किंवा सोसायटीचे पीककर्ज असलेल्याला, आणि पीककर्ज सातबाऱ्यावर. बटईदाराचे कर्ज कृषी सेवा केंद्राच्या वहीत आणि सावकाराच्या डोक्यात असते. ते माफ करायला कोणी मुख्यमंत्री विधानसभेत उभा राहत नाही. पीकविम्यात भाड्याने कसणाऱ्याला दार उघडे आहे म्हणतात. फक्त नोंदणीकृत भाडेकरार जोडायचा! जो मालक साध्या कागदावर सही करत नाही, तो दुय्यम निबंधकाकडे येणार. २००६पासून आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, तिथेही जमीन कुटुंबाच्या नावावर लागते. दुसऱ्याच्या शेतात कर्ज काढून पेरलेला माणूस गेला, तर फाइलीवर शेरा ‘अपात्र’.

पीएम-किसानबद्दल माझी तक्रार त्यातल्या त्यात कमी आहे. ती रक्कम कुटुंबामागे सरसकट आहे, एकरामागे नाही. तिने खंड वाढत नाही, मोठ्या मालकाला जास्त मिळत नाही. तेलंगणच्या रयतू बंधूने २०१८मध्ये एकरी ४,००० रुपये हंगामाला, कमाल मर्यादेशिवाय दिले आणि कौलदारांना वगळले. पॉइनसेटच्या कराराचा तो सख्खा भाऊ. आपल्याकडे खरा अन्याय होतो तो नुकसानभरपाईत, आणि तो एका उदाहरणाने नीट दिसतो.

समजा एकाने पाडव्याला चार एकर खंडाने घेतले. खंड रोख, आगाऊ. बियाणे, खत, तणनाशक, फवारणी, सगळे त्याचे. सप्टेंबरात पाऊस थांबेना, उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले. पंचनामा झाला: गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसानीचे टक्के. कोरडवाहूला आपत्ती निधीचा दर हेक्टरी ८,५०० रुपये. चार एकर म्हणजे १.६ हेक्टर, रक्कम १३,६००. ती जाते मालकाच्या खात्यात. आता या हंगामात मालकाचे किती नुकसान झाले होते? शून्य. त्याचे पीक पाडव्यालाच घरात आले होते.

चांगला मालक असेल तर अर्धी रक्कम आणून देतो. असे मालक आहेत, मी पाहिले आहेत. पण मग ती सरकारी मदत राहत नाही, मालकाचा उपकार होतो, आणि उपकाराची परतफेड पुढच्या पाडव्याला खंड ठरवताना होते.

४. आक्षेप

पहिला आक्षेप शेतकरी संघटनेच्या मुशीतल्या माणसाचा, आणि तो सर्वांत वजनदार. तो म्हणेल, मदत कसली? सरकार निर्यातबंदी करून, आयात करून, भाव पाडून जे लुटते, त्यातला चिमूटभर परत देते. शरद जोशींनी उणे सबसिडीचा हिशोब आयुष्यभर मांडला. २०१८मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर यांच्या अहवालानेही २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतीला मिळालेला आधार सरासरीने शेती उत्पन्नाच्या उणे १४ टक्के काढला. कांद्यावर ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरात थेट बंदी आली, तेव्हा लासलगावात काय झाले ते सांगायला नको.

हे सगळे मला मान्य आहे, आणि मान्य केल्यावर माझा मुद्दा आणखी टोकदार होतो. भाव पडला की मार कोणाला बसतो? माल विकणाऱ्याला. खंडाने कसणाऱ्याला पुरता, वाट्याने कसणाऱ्याला वाट्याइतका. आणि परतफेड कोणाला होते? सातबारावाल्याला. लुटले एकाला आणि परत केले दुसऱ्याला, तर त्याला परतफेड म्हणता येत नाही. भाव मोकळे करा ही मागणी या दृष्टीने अनुदानापेक्षा न्याय्य आहे: भाव मात्र विकणाऱ्यालाच मिळतो, तो सातबारा विचारत नाही.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्याचा: कसणाऱ्याची यादी आमच्याकडे नाही, सातबारा हीच काय ती नोंद. हे अर्धे खरे आहे. जानेवारी २०२४मध्ये राज्याने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले. ते थेट दूध घालणाऱ्याच्या खात्यात गेले, जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरून. गाय कोणाच्या बांधावर चरते हे कोणी विचारले नाही. कटकटी झाल्या, बिल्ल्यांचे घोळ झाले, पण पैसे काम करणाऱ्याला बांधता येतात हे सिद्ध झाले. ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह घेतला जातो. फोटो काढणारा हात पुष्कळदा बटईदाराचाच असतो; नोंद खातेदाराच्या नावाने चढते. तंत्र आहे, रकाना नाही.

तिसरा आक्षेप: मालकही गरीबच असतो. मुंबईत वॉचमन असलेल्याचे गावी दोन एकर. म्हातारी, एकटी, शेत वाट्याने लावून त्यावर जगणारी. उलटही असते, मोठा बागायतदार छोट्यांची जमीन खंडाने घेतो. सगळे खरे. त्या म्हातारीला पैसे द्यावेतच. पण त्याला पेन्शन म्हणावे आणि तिच्या वयावर, गरजेवर द्यावे. शेजारची दुसरी म्हातारी भूमिहीन आहे म्हणून तिला ते मिळू नये, याचे कारण मला कोणी सांगितलेले नाही. ओडिशाच्या ‘कालिया’ने २०१८च्या अखेरीस बटईदार आणि भूमिहीन दोघांनाही यादीत घेतले, म्हणजे ही कल्पना परग्रहावरची नाही. आणि बायकांचे काय? निंदणी, वेचणी, खुरपणी तिची आणि हप्त्याचा मेसेज त्याच्या मोबाइलवर, ही याच गाठीची घरातली बाजू. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत बायकोच्या नावे जमीन करायला नवरे राजी झाले, तेव्हा निदान प्रश्न कागदाचा आहे हे कोणीतरी ओळखले होते.

चौथा आक्षेप माझ्याच मनातला, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. कसणाऱ्याची नोंद करायला गेलो आणि मालक बिथरले तर? आंध्र प्रदेशाने २०१९मध्ये कौलदारांसाठी अकरा महिन्यांचे पीक हक्क कार्ड आणले. जमिनीच्या मालकीला त्याने काही धक्का लागत नाही असे कायद्यात होते. पण कार्डाला मालकाची सही लागायची, आणि गाडी तिथेच रुतली. सहीशिवाय करायचे तर खात्री कोण करणार? ग्रामसभा, असे आपण पटकन म्हणतो. अमेरिकेत हे काम स्थानिक शेतकऱ्यांनी निवडलेल्या काउंटी समित्यांकडे होते, आणि त्यांनी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची कर्जे आणि मदत इतकी वर्षे अडवली, की १९९९च्या पिगफर्ड खटल्याच्या तडजोडीत सरकारला पुढे शंभर कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले. ग्रामसभेत पुढच्या सतरंजीवर कोण बसते हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून मी एवढेच सुचवतो. नोंद सातबाऱ्यापासून वेगळी ठेवावी, एका हंगामापुरती, आणि कूळ हक्काच्या दाव्यात ती पुरावा धरली जाणार नाही असे कायद्यातच लिहावे. मालकाच्या सहीऐवजी हरकतीला मुदत द्यावी: यादी चावडीवर लावा, पंधरा दिवसांत कोणी काही बोलले नाही तर नोंद कायम. बियाण्याच्या बिलावरचे नाव, आडत्याच्या हिशोबपट्टीवरचे नाव जुळवून पाहता येते. काही मालक तरीही जमीन काढून घेतील. काही पडीक टाकतील. तसे थोडेच करतील, कारण खंडाचे उत्पन्न कोणाला नको असते?

आणि सगळ्या योजना एकदम उलट्या करू नयेत. सुरुवात नुकसानभरपाईपासून व्हावी, कारण तिथे नुकसान कोणाचे हा प्रश्न सर्वांत उघडा आहे आणि माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. पंचनाम्याच्या कागदावर गट नंबराला जागा आहे, पिकाला आहे, टक्क्यांना आहे. पेरणाऱ्याच्या नावाला एक ओळ वाढवावी लागेल. ते नाव सांगायला तो बहुतेक वेळा तिथेच बांधावर, चिखलात, पथकाच्या मागे उभा असतो.